दोन पंगती

बापाने लेकीचं नाव 'फौजदार' ठेवलं तेव्हा ती चौथीत होती. घरात कोणी कुठे बसायचं, कोणाची छत्री कुठल्या खुंटीला लटकवायची, हे ती ठरवायची आणि कोणी मोडता घातला की कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची. आता पन्नाशी उलटली, कचेरीत हाताखाली माणसं आली, गुडघे कुरकुरायला लागले, पण बापाच्या तोंडी नाव तेच राहिलं. तेव्हा जहाजाच्या सफरीचं निघालं आणि सगळी आखणी फौजदारने आपल्याकडे घेतली, यात नवल काही नव्हतं.

सफर खरं तर नवऱ्याच्या मित्रमंडळींची होती. तीन जोडपी, वर्षानुवर्षं एकत्र हिंडणारी, एकमेकांचे तेच ते विनोद ऐकून दरवेळी नव्याने हसणारी. त्यात आपल्या बापाला, अप्पांना, न्यायचं हे फौजदारच्या डोक्यातून निघालं. नवरा भला माणूस. "ने की. त्यांनाही बरं वाटेल," म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

अप्पा शिंपी होते. आयुष्यभर एका गाळ्यात बसून त्यांनी दुसऱ्यांच्या लग्नाचे कोट शिवले. पाणी म्हणून जे पाहिलं ते इस्त्रीसाठी कपड्यांवर शिंपडायचं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटे राहत होते आणि "मला काय धाड भरलीय?" असं फोनवर सांगत होते. जिन्यात एकदा पडले ते त्यांनी हसत सांगितलं. दुसऱ्यांदा पडले ते सांगितलंच नाही. फौजदारला ते भाजीवाल्याकडून कळलं, आणि त्या दिवशी तिने भाजी न घेता पिशवी तशीच रिकामी घरी आणली.

मग तिने ठरवलं. ती ठरवणारीच होती. म्हाताऱ्या माणसांसाठीचं एक निवास तिने शोधून काढलं. जागा स्वच्छ, परिचारिका रात्रंदिवस हजर, आवारात बाग, जिना नावाला नाही. खोली नक्की झाली, अप्पांचं नाव लागलं. पुढच्या महिन्यात तिकडे जायचं. फक्त अप्पांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. हा 'फक्त' शब्द म्हणायला फार सोपा असतो.

आपल्याकडे का नाही आणायचं, हे तिने स्वतःला नीट पटवून दिलं होतं. झोपायच्या खोल्या दोनच. एकीत सासूबाई, त्यांचं अंथरूण, त्यांचा रेडिओ आणि त्यांचं दुखणं. दुसरीत हे दोघं. उरला दिवाणखाना, तर त्यात माणूस कसा ठेवणार? बाप म्हणजे काही सोफा नव्हे. असं ती मनातल्या मनात म्हणायची आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायची.

आता सांगायचं कधी, तर जेवताना. हे मात्र तिने ठरवलेलं नव्हतं, ते त्या घरातच मुरलेलं होतं. त्या घरी काहीही अवघड बोलायचं ते जेवायला बसल्यावर. आई म्हणायची, "आधी जेव, मग सांग." अप्पा म्हणायचे, "जेवता जेवता सांग." चालायचं अप्पांचं. फौजदार गणितात नापास झाली ते तिने तिसऱ्या घासाला सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरचा मुलगा आवडतो आणि त्याच्याशीच लग्न करणार हेही तिने जेवताना सांगितलं. आईचा हात वाढता वाढता थांबला, आणि अप्पा म्हणाले होते, "त्याला भूक लागते का वेळेवर? मग हरकत नाही." पुढे दुकान बंद करायचं ठरलं, आईचं दुखणं मोठं निघालं, ते अप्पांनीही असंच सांगितलं होतं. तोंडात घास असला की आवाज फार चढत नाही आणि रडूही जरा दमाने येतं. म्हणून फौजदारचा बेत असा होता की जहाजावर निवांत जेवायला बसू, समोर समुद्र असेल, अप्पा खुशीत असतील, तेव्हा सांगून टाकू.

आणि इथेच तिच्या आखणीने तिचा पाय ओढला.

जहाजावरचं मोठं जेवणघर एक आणि प्रवासी त्याच्या दुप्पट. म्हणून संध्याकाळचं जेवण दोन खेपांत. पहिली खेप साडेसहाची, दुसरी साडेआठची. एकदा वेळ घेतली की सफर संपेपर्यंत तीच वेळ, तेच टेबल, तीच खुर्ची, तोच वेटर. तिकीट काढताना वेळ विचारली तेव्हा फौजदारने एका दमात सोडवून टाकलं. अप्पांना साखरेचा आजार, सुई टोचून साताच्या आत पोटात काहीतरी जायला हवं, तेव्हा अप्पा पहिल्या खेपेला. मित्रमंडळी साडेआठशिवाय जेवणाचं नाव काढणारी नव्हेत, तेव्हा आपण दुसऱ्या. सगळ्यांची सोय झाली म्हणून तिने त्या दिवशी स्वतःसाठी जास्तीचा चहासुद्धा केला. बापलेक एकाच जहाजावर राहून संध्याकाळी एका टेबलाशी बसणार नाहीत, हे तिच्या लक्षात आलं ते जहाजाने किनारा सोडल्यावर.

लक्षात आलं तेव्हा तिला हळहळ वाटली. आणि खोटं कशाला बोला, हळहळीच्या खाली थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

"म्हणजे दोन पंगती," अप्पा म्हणाले. पहिल्या संध्याकाळी ती त्यांना जेवणघराच्या दारापर्यंत पोचवायला आली होती. "पहिल्या पंगतीला म्हातारेकोतारे आणि कच्चीबच्ची. दुसरीला तुम्ही कर्तीसवरती. गरमागरम आम्हाला, उरलंसुरलं तुम्हाला!"

"इथे उरलंसुरलं नसतं अप्पा."

"मग दुसऱ्या पंगतीची मजा काय?"

दारात चष्मेवाला वेटर उभा होता, हातावर पांढरं फडकं, चेहऱ्यावर पाठ केलेलं आणि तरीही बरं वाटणारं हसू. फौजदारने त्याला अप्पांचं पथ्य सांगितलं. गोड नको, सूप फार गरम नको, हात थोडा थरथरतो तेव्हा पेला अर्धाच भरा. वेटरने सगळं ऐकून घेतलं. मग अप्पांच्या कोपराला हलकेच आधार देऊन त्यांना आत नेलं. सहाजणांचं गोल टेबल होतं, खिडकीजवळचं. तिथे एक जाड भिंगाच्या चष्म्यातल्या बाई आणि एक नवरा-बायको आधीच येऊन बसले होते. अप्पा बसताना मागे वळून म्हणाले, "तू येत्येस ना?"

"येते की, येते," ती म्हणाली. "तुम्ही सुरुवात करा."

त्या दिवशी नाही जमलं. लाइफ जॅकेट घालून सगळ्यांना डेकवर उभं केलं होतं, त्या कवायतीने पाय दुखत होते. दुसऱ्या दिवशी मंडळींनी जेवणाआधी वरच्या डेकवर सरबतं आणि दुसरं काय काय मागवलं, तिथून मध्येच उठणं बरं दिसेना. मग एका बंदरावर सगळे उतरले ते परतायलाच उशीर झाला. मग एक दिवस थाटामाटात कपडे घालायचा ठरलेला होता, त्यात केसांच्या भानगडीत साडेसहा कधी होऊन गेले कळलंच नाही. नुसतं जाऊन शेजारी बसायचं, एक वाटी सूप प्यायचं, एवढंच तर होतं. रोज ती अप्पांना दारापर्यंत पोचवायची, रोज अप्पा विचारायचे, "येत्येस ना?" आणि रोज ती "येते की" म्हणायची. न जाण्याला कारण मिळतंच. शोधावंही लागत नाही.

सकाळी एकत्र न्याहारी करावी तर वरच्या मजल्यावर हातात ताट घेऊन रांगेत उभं राहावं लागे. अप्पांचा हात थरथरायचा, आणि लोकांसमोर ताट हिंदकळलेलं त्यांना चालत नसे. ते खोलीतच चहा-पाव मागवत. दुपारी ती मंडळींबरोबर असे. उरली संध्याकाळ, ती दोन पंगतींत वाटून गेलेली.

आणि दुसऱ्या पंगतीत ती मजेत होती असंही नाही. मित्रमंडळी हसत होती, वेटर ताटं बदलत होता, आणि तिला सारखं वाटत होतं की ही टेबलं नुकती पुसून मांडलीत, थोड्या वेळापूर्वी इथेच कुठेतरी आपला बाप परक्या माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसला असेल. तिच्या डोळ्यांसमोर यायचं ते असं. मान खाली घालून सूप पिणारा एक म्हातारा. त्याचं वाईट वाटून ती दोन घास कमीच खायची. त्याने कोणाचं काय भलं होणार होतं, देव जाणे.

सफरीच्या शेवटच्या संध्याकाळच्या आदल्या दिवशी दुपारी ती अप्पांच्या खोलीत गेली. खोली आतल्या बाजूची, खिडकी नसलेली, लिफ्टजवळची. तीही तिनेच निवडलेली. पाय ठेवताच तिला कसंसंच झालं. इतकी लहान? पलंग, भिंतीला चिकटलेली फळी, कपाट म्हणजे एक उभी चीर, आणि न्हाणीघर असं की आत गेल्यावर वळायचं असेल तर बाहेर यावं. पण अप्पांनी त्या खोलीत संसार मांडला होता. फळीवर औषधं वेळेप्रमाणे ओळीने. चष्म्याची पेटी उशीच्या डावीकडे. न्हाणीत दोरी बांधून त्यावर दोन रुमाल वाळत घातलेले. कोट हँगरवर, त्याच्या खांद्यांत सुरकुती पडू नये म्हणून आत गुंडाळलेला टॉवेल. आणि अप्पा पलंगावर मांडी घालून कोणाच्या तरी काळ्या जाकिटाला बटण लावत बसलेले. सुई धरली की त्यांचा हात थरथरत नसे.

"हे कोणाचं?"

"आमच्या वेटरचं. बिचारा टाचणी लावून हिंडत होता. म्हटलं, आण इकडे." दातांनी दोरा तोडून ते म्हणाले, "बस ना."

ती पलंगाच्या कडेला बसली. गुडघा फळीला लागला.

"अप्पा, कोंदट नाही होत इथे? खिडकीवाली घ्यायला हवी होती मी."

"छे गं. किती जागा लागते माणसाला?" अप्पांनी हाताने ती सगळी खोली दाखवली. "एवढी पुरते. जास्तीची काय, नुसती झाडत बसायची. मला तर हल्ली वाटतं, घरातल्या त्या दोन खोल्यासुद्धा डोईजड झाल्यात. एक पलंग असला, उशाला दिवा असला, वेळेवर दोन घास मिळाले, की बास. कुठेही राहीन मी. अगदी आनंदात राहीन."

आणि असं म्हणून ते तिच्याकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ बघत राहिले. तिला वाटलं, डोळ्यांत काही गेलंय की काय.

ती मात्र दुसराच हिशेब करत होती. पलंग, फळी, उभं कपाट. एवढ्यात माणूस मावतो. तिच्या दिवाणखान्यात बाल्कनीच्या दाराशी चालायचं यंत्र होतं. नवऱ्याने हौसेने आणलेलं, आठवडाभर त्यावर घाम गाळलेला, आणि तेव्हापासून त्यावर टॉवेल वाळायचे. ते यंत्र अडवत होतं तेवढीच ही खोली. कापडाचा एक पडदा लावला की झालं. पडदा अप्पाच शिवतील. इतके दिवस हे सुचलं कसं नाही? बापासाठी जागा नव्हती आणि टॉवेलांसाठी होती! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून उभीच राहिली, आणि उशावरच्या भिंतीतल्या दिव्यावर डोकं आपटलं.

"सांभाळून, फौजदार!" अप्पा हसले.

संध्याकाळी डेकवर तिने नवऱ्याला गाठलं. "ते चालायचं यंत्र काढून टाकलं तर?"

"काढ की. पण एकदम कुठून आठवलं?"

"तिथे अप्पांचा पलंग टाकू."

नवरा कठड्याला टेकला. "न्हाणीघर एक आहे आपलं. आईचा रेडिओ पहाटेपासून चालू असतो. तू सकाळी जातेस ती दिवेलागणीला येतेस." मग म्हणाला, "मी नाही म्हणत नाहीये. तुझे वडील, तू म्हणशील तसं. फक्त नंतर दोन म्हाताऱ्यांच्या तक्रारी एकट्या माझ्या कानावर घालायच्या नाहीत."

याच्याहून चांगलं उत्तर तिला मिळणार नव्हतं. दुसऱ्या कोणी अडवलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. आता सगळं तिच्यावर आलं. तिने ठरवलं, उद्या शेवटची संध्याकाळ, उद्या पहिल्या पंगतीला अप्पांशेजारी बसायचं आणि तिसऱ्या घासाला सांगायचं: अप्पा, तुम्ही आमच्याकडेच या. मन एकदम हलकं झालं. त्या रात्री दुसऱ्या पंगतीत ती इतकी हसली की मंडळींनी तिला विचारलं, काय विशेष?

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुमारास ती जेवणघराच्या दाराशी गेली. चष्मेवाला वेटर आत सुऱ्या-काटे पुसत होता. जाकिटाचं बटण जागेवर होतं.

"एक विनंती होती," ती म्हणाली. "आजच्या दिवस मला वडिलांच्या टेबलावर बसता येईल का? नियमात बसत नसेल तर मुख्य वेटरना विचारते. एखादी खुर्ची जास्तीची लावून..."

"खुर्ची आहे ना मॅडम."

"रिकामी आहे?"

वेटर फडकं हातात धरून थांबला. "पहिल्या दिवसापासून ठेवलीय. तुमच्यासाठीच. अप्पांनी सांगितलंय, मुलगी येणार आहे. मी रोज तिथे ताट मांडतो." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो घाईघाईने म्हणाला, "तसं काही नाही हो मॅडम. एक ताट मांडायला कितीसा वेळ लागतो?"

त्याने बिचाऱ्याने सावरून घ्यायलाच म्हटलं होतं.

ती साडेसहाच्या आधीच जाऊन बसली. अप्पा यायचे होते. टेबलावर जाड भिंगाच्या चष्म्यातल्या बाई होत्या आणि ते नवरा-बायको होते. ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच बाईंनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीस बाई एकदाची!"

"तुम्ही मला ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? फौजदार ना तू? गणितात नापास झालीस, जेवताना सांगितलंस." बाई पूर्वी इस्पितळात नर्स होत्या आणि अजूनही खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. "तुझे वडील म्हणजे काय माणूस आहे गं! आम्ही रोज पोट धरून हसतो. परवा यांच्या घशात वाटाणा अडकला हसताना."

"खरंच अडकला," तो नवरा म्हणाला. तो बस चालवायचा. बायको नुसती हसून मान हलवत होती.

म्हणजे मान खाली घालून सूप पिणारा म्हातारा असा कोणी नव्हताच. फौजदारला बरं वाटलं आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचलंही. ही माणसं ज्या अप्पांना ओळखत होती, ते तिला दोन वर्षांत भेटले नव्हते.

"बरं ऐक, ते यायच्या आत सांगते," नर्सबाई तिच्याकडे झुकल्या. आवाज लहान करायचा प्रयत्न त्यांनी केला, तो काही जमला नाही. "तू सांगशील तेव्हा उगाच रडारड करू नकोस. त्यांनी सगळी तयारी केलीय."

"कसली तयारी?"

"अगं, त्या निवासाची! त्यांना ठाऊक आहे केव्हाचं. तिथल्या स्वयंपाकघरातून त्यांच्या घरी फोन आला होता, काय खाता, पथ्य काय, रात्रीचं किती वाजता जेवता. त्यांनी सांगितलं, साडेसहा. तुला बोलले नाहीत. म्हणाले, तिला सांगू दे. तिला काही अवघड सांगायचं असलं की ती जेवताना सांगते, म्हणून तर मला या जहाजावर आणलंय." बाईंनी चष्मा काढून पुसला. "रोज वाट बघायचे. आज येईल, आज सांगेल. आणि तुला वाईट वाटू नये म्हणून चेहरा कसा करायचा ते त्यांनी बसवलंय. आम्हाला करून दाखवलं. पहिल्यांदा केला तो फार रडका झाला. मी म्हटलं, अहो शिंपीदादा, हे चालायचं नाही, तिला संशय येईल. मग आम्ही सगळ्यांनी मिळून सुधारला. आधी भुवया वर, मग जरा थांबायचं, मग हसू, मग टाळी. आता छान जमतो."

बस चालवणारा माणूस पावाला लोणी लावत होता. लावलेल्यावरच पुन्हा लावत होता. त्याची बायको म्हणाली, "परवा तर इतका छान केला, आम्हालाच खरं वाटलं."

तिला उठून पळावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त, अप्पांना लवकर सगळं सांगून टाकावंसं वाटलं. नाही अप्पा, तसं नाही. तसं होतं, पण आता नाही.

तेवढ्यात अप्पा आले. कोट घातलेला, केस पाण्याने बसवलेले. टेबलाजवळ येऊन थबकले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तिला त्यांच्याकडे बघवेना.

"अरेच्चा! दुसरी पंगत सोडून आमच्यात?" मग सगळ्यांकडे वळून, "ही माझी मुलगी," असं त्यांनी सांगितलं, जणू कोणाला ठाऊकच नव्हतं. वेटरने न विचारता तिच्यासमोर सूप ठेवलं. अप्पांच्या पेल्यात अर्धंच पाणी होतं. पहिल्या दिवशी तिने सांगितलं होतं तसंच.

सूप झालं. मासा आला. एरवी इथे हसण्याने वाटाणे अडकत होते. आज नर्सबाई ताटात काहीतरी हरवल्यासारख्या बघत होत्या. अप्पा घास घेत होते आणि तिच्याकडे मुद्दाम न बघता वाट बघत होते. थरथरणारा हात त्यांनी टेबलाखाली धरला होता.

तिसऱ्या घासाला तिला धीर आला. त्या घरातल्या माणसांना तो असाच येतो.

"अप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय. आता घरी गेल्यावर तुम्ही..."

अप्पांच्या भुवया वर गेल्या. ते जरा थांबले. मग हसले. आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली, इतकी मोठी की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"वा! अगं वा! कळलं, कळलं मला! जिना नाही, बाग आहे, सोबतीला माणसं आहेत. मीच तुला म्हणणार होतो बघ, एखादी अशी जागा शोध म्हणून. तू आधीच शोधलीस. फौजदार ती फौजदार!"

चेहरा खरोखर छान जमला होता. कोणी म्हणालं नसतं की हा माणूस मनापासून बोलत नाही. नर्सबाईंनी मान वर केली नाही.

तिचं वाक्य अजून तोंडात तसंच होतं. पलंग, पडदा, बाल्कनीचं दार. फक्त एवढं म्हणायचं होतं: नाही अप्पा, ते नाही. वेळ भरपूर होता, अप्पा टाळी वाजवून थांबलेच होते. आणि त्याच वेळी तिच्या मनात एकामागोमाग एक येऊन गेलं. एकच न्हाणीघर, पहाटेचा रेडिओ, दिवेलागणीला दमून घरी येणं, सासूबाईंचं तोंड, पडले तर उचलायला घरात कोण. आणि सुटल्यासारखं वाटलं. पहिल्या संध्याकाळी वाटलं होतं अगदी तसंच. ते कुठून येतंय हे तिने या वेळी चांगलं ओळखलं. बापाने इतके दिवस खपून तिच्यासाठी सगळं सोपं करून ठेवलं होतं, आणि तिने ते घेतलं.

"हो," ती म्हणाली. "बाग आहे. मोठी आहे."

"मग काय हवं!" अप्पा म्हणाले.

"आणि परिचारिका असतात. आणि आम्ही येत जाऊ ना. भेटायला कधीही येता येतं तिथे."

"कधीही?" अप्पांनी काटा खाली ठेवला. "जेवायच्या वेळेलासुद्धा?"

हा चेहरा त्यांनी कोणासमोर करून पाहिलेला नव्हता.